भिवसन गुरुजी आणि चौदा ओळींचा कागद

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळे गुरुजी होते. भिवसन गुरुजी. आता गुरुजी म्हटल्यावर भोळे कसे, असं तुम्ही विचाराल. होते. काही माणसं शिकून शहाणी होतात, काही शिकूनही गोड राहतात. आमचे गुरुजी दुसऱ्यातले.

त्यांच्यात एकच गुण होता. सांगितलेलं ऐकायचं. जेवढं सांगितलं तेवढं, जसं सांगितलं तसं. बायकोने एकदा सांगितलं, "जरा दुधावर लक्ष ठेवा." गुरुजींनी लक्ष ठेवलं. दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली. हे सगळं त्यांनी नीट लक्ष ठेवून पाहिलं.

गावातल्या शाळेत मुलं एकतीस, गुरुजी एक, आणि दुपारची खिचडी शिजवायला झुंबरबाई. असं सुरळीत चाललेलं असताना शहरातल्या कुणा भल्या माणसाने शाळेला एक कॉम्प्युटर दिला. गुरुजींनी त्याला हार घातला, नारळ फोडला, मुलांनी रांगेने नमस्कार केला. मग पुढे काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून त्याच्यावर एक टॉवेल टाकला. टॉवेलाखाली तो दोन महिने बसून होता.

एके दिवशी केंद्रप्रमुख शेवाळेसाहेब आले. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या दहाबारा शाळांवर देखरेख ठेवणारे. त्यांनी टॉवेल उचलून पाहिला.

"भिवसन गुरुजी, हे काय लोणचं आहे का, मुरत घातलंय ते?"

"नाही साहेब. कॉम्प्युटर आहे."

"ते दिसतंय मला. हे बघा, आजपासून पंधरा दिवसांनी, शुक्रवारी, मी पुन्हा येतो. मुलं यावर शिकताना दिसली तर बरं. नाहीतर टेम्पो घेऊन येतो आणि हा उचलून बाजारगावच्या शाळेत नेतो."

मुलं ऐकत होती. पहिलीतली चंद्रभागा उठली, टॉवेलावर हात ठेवून उभी राहिली, ती शाळा सुटेपर्यंत तशीच.

आता शहरात केतकीताई नावाच्या एक बाई होत्या. त्या आणि त्यांची पाचसहा मित्रमंडळी दिवसभर आपापली नोकरी करायची आणि रविवारी एकत्र बसून लहान मुलांसाठी कॉम्प्युटरवरचे धडे बनवायची. फुकट. हौसेने. त्यात एक पोपट होता. तो मुलांच्या बोलीत बोलायचा, गोष्ट सांगायचा, पाच बोरांतली दोन खायचा आणि विचारायचा, सांग बाळा, किती उरली. सुरेख काम होतं. फक्त एक गोष्ट राहिली होती. स्वयंपाक झकास केला, पण चूल कोण पेटवणार हे कुणी विचारात घेतलं नव्हतं. धडे कॉम्प्युटरवर चढवायचे कसे, हे सांगणारा एक कागद होता. त्यावर चौदा ओळी होत्या.

त्याच आठवड्यात ताईंनी बारा शाळांच्या बारा गुरुजींना एकेक पेनड्राइव्ह आणि एकेक कागद दिला. अकरा गुरुजी हुशार होते. त्यांनी चौदा ओळी पाहिल्या आणि पेनड्राइव्ह कपाटात ठेवून कुलूप लावलं. बारावे आमचे भिवसन गुरुजी. कागदावर लिहिलं होतं, "अडचण आल्यास फोन करा." त्यांनी फोन केला.

फोनचं सांगायचं राहिलं. गावात फोन लागत नव्हता. म्हसोबाच्या टेकडीवर एक मोठा धोंडा आहे, त्यावर उभं राहून तोंड पूर्वेला केलं की लागायचा. चढायला अर्धा तास. उतरायला पाऊण, कारण उतरताना गुरुजींचे गुडघे धरायचे. म्हणजे कसं, फोन असला की समोर कॉम्प्युटर नाही, आणि कॉम्प्युटर असला की कानाला फोन नाही. सगळी गंमत इथेच झाली.

पहिल्या दिवशी गुरुजींनी पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर बारीक अक्षरांची एकोणीस पानं आली आणि खाली लिहिलं होतं, "वरील अटी मान्य आहेत."

गुरुजी दचकले. शाळेच्या वतीने काही मान्य करायचं तर ते एकट्याने कसं करणार? त्यांनी शाळा समितीची सभा बोलावली. समितीचे अध्यक्ष रंगनाथअण्णा, सोबत आठ सभासद. सतरंजी टाकली, चहा झाला. एकोणीस पानं इंग्रजीत होती, म्हणून ती नुसती सगळ्यांना दाखवली. अण्णा म्हणाले, "दिसायला तर बऱ्या दिसतात." ठराव झाला, सूचक झाले, अनुमोदक झाले, सह्या आणि अंगठे झाले. यात तीन दिवस गेले. ठरावावर शाळेचा शिक्का मारून गुरुजींनी तो पडद्यासमोर धरला. काही झालं नाही.

गुरुजी टेकडी चढले.

"ताई, अटी एकमताने मंजूर झाल्या. प्रत कुठे जोडू?"

"कसली प्रत? अहो गुरुजी, कुणाला विचारत बसायचं नसतं हो. जे विचारेल त्याला सरळ 'हो' म्हणायचं आणि पुढे जायचं."

"आलं ध्यानात," गुरुजी म्हणाले आणि टेकडी उतरले. तिकडे केतकीताईंनी वहीत एक ओळ लिहिली.

पायथ्याशी रंगनाथअण्णा भेटले. "गुरुजी, माझ्या गोठ्याचं काम काढलंय. चार दिवस शेळ्या शाळेच्या पडवीत बांधू का?"

विचारलं होतं. गुरुजी म्हणाले, "हो."

शाळेत आले. तीन दिवस कुणी हात लावला नाही म्हणून पडद्यावर नवीन पाटी आली होती. "हे काम थांबवायचे का?" गुरुजींनी 'हो' दाबलं. "आतापर्यंतचे सर्व पुसून टाकायचे का?" हो. "नक्की?" हो. इतकं सोपं असेल असं गुरुजींना वाटलं नव्हतं. पडदा स्वच्छ झाला.

गुरुजी टेकडी चढले.

"ताई, तीन वेळा हो म्हटलं. आता काहीच नाही."

ताईंनी कशाकशाला हो म्हटलं ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "गुरुजी, सगळ्यालाच हो नाही म्हणायचं. आधी वाचायचं. जे कळणार नाही, त्याला 'नाही' म्हणायचं. पहिल्यापासून सुरू करा बघू."

"आलं ध्यानात," गुरुजी म्हणाले आणि टेकडी उतरले. ताईंनी वहीत आणखी एक ओळ लिहिली.

या वेळी अटींना हो म्हटलं, त्या तर एकमताने मंजूरच होत्या. मग पडद्यावर आलं, "देवनागरी फॉन्ट बसवायचा का?" देवनागरी कळलं. बसवायचं कळलं. मधला शब्द कळला नाही. गुरुजींनी 'नाही' दाबलं.

धडे उघडले. पोपट आला. पण जिथे अक्षरं यायची तिथे नुसते चौकोन आले. ओळीच्या ओळी चौकोन. गुरुजी हरखले. इतक्या दिवसांनी काहीतरी आलं होतं. त्यांनी मुलांना समोर बसवलं आणि छडीने दाखवत शिकवायला घेतलं. "हा चौकोन. हा चौकोन. हाही चौकोन." मुलांनी पाट्या भरून चौकोन काढले. चंद्रभागेचे सगळ्यात सुबक आले.

झुंबरबाई पळी घेऊन दारात उभी होती. "गुरुजी, आज काय शिकवताय?"

"चौकोनाचा धडा."

"आन् उद्या?"

गुरुजींनी पुढचं पान उघडून पाहिलं. "उद्याही चौकोनच आहेत."

"मग बरंय," झुंबरबाई म्हणाली. "परवा माझ्या म्हशीलाबी धाडते. तिलाबी जमंल."

गुरुजी टेकडी चढले.

"ताई, चौकोन पाठ झाले. पुढे काय?"

ताईंना ते समजायला बराच वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे, गुरुजी. ते विचारायलाच नको होतं. आता असं करा. पुन्हा पहिल्यापासून. फॉन्टला हो म्हणा. मग एक निळी पट्टी दिसेल, ती हळूहळू भरत जाईल. ती पूर्ण भरेपर्यंत मात्र हात लावायचा नाही. कशालाच नाही."

"कशालाच नाही. आलं ध्यानात."

निळी पट्टी सुरू झाली. गुरुजींनी हात मागे बांधले. मुलांनाही बांधायला लावले. पट्टी अर्ध्यावर आली आणि वीज गेली.

पट्टी तर भरली नव्हती. म्हणून सगळे तसेच बसले. पडवीतली एक शेळी आत आली. तिने हजेरीपटाची दोन पानं खाल्ली, मग तक्ता खाल्ला, त्यावरचे अ ते अः. मुलं गुरुजींकडे बघत होती. गुरुजी शेळीकडे बघत होते. घंटा वाजवायची वेळ झाली, पण घंटेलाही हात लावावा लागला असता. मुलं घरी येईनात म्हणून आया शाळेत आल्या, आणि दारात उभ्या राहून त्यांनी पाहिलं की एकतीस मुलं आणि एक गुरुजी हात मागे बांधून बसलेत आणि शेळी गुरुजींच्या खुर्चीवर चढलीय.

"ही निदान खुर्चीत बसून काहीतरी करती तरी," झुंबरबाई म्हणाली, आणि तिनेच घंटा वाजवली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी टेकडी चढले.

"ताई, वीज गेली, पट्टी गेली, हजेरीपट गेला."

"अहो, मग असं नुसतं बसून कसं चालेल?" ताई म्हणाल्या. "काही अडलं ना, की आधी बंद करायचं, दहा आकडे मोजायचे आणि पुन्हा सुरू करायचं. बहुतेक वेळा तेवढ्यानेच सुटतं."

"आलं ध्यानात." आणि ताईंनी वहीत चौथी ओळ लिहिली.

गुरुजी खाली आले. वर्गात तिसरीचा गट सातचा पाढा म्हणत होता आणि 'साती साते'ला अडला. अडलं म्हटल्यावर गुरुजींनी घंटा वाजवली, सगळ्या मुलांना घरी पाठवलं, दाराला कुलूप घातलं, दहा आकडे मोजले, कुलूप काढलं आणि पुन्हा घंटा वाजवली. मुलं रस्त्यातून परत आली. प्रार्थना झाली. पाढा सुरू झाला आणि 'साती साते'ला अडला. त्या दिवशी शाळा सहा वेळा भरली.

सहाव्या वेळी चंद्रभागेची आई तिला हाताला धरून आली. "गुरुजी, हिला एकदाच काय ते सांगा, शाळा आहे का न्हाई."

पण एक झालं. वीज परत आली होती. सगळं बंद करायचं म्हणून गुरुजींनी कॉम्प्युटरही बंद केला होता आणि पुन्हा सुरू केला होता. सहाव्या वेळी निळी पट्टी आपोआप पहिल्यापासून सुरू झाली आणि पूर्ण भरली. मग पडद्यावर आलं, "हा तुमचा पासवर्ड. जपून ठेवा." खाली सात आकडे होते.

शाळेची रीत अशी की जपून ठेवायचं ते भिंतीवर लिहायचं. पाढे भिंतीवर, प्रतिज्ञा भिंतीवर, गावाची लोकसंख्या भिंतीवर. गुरुजींनी तैलरंग आणला आणि दर्शनी भिंतीवर, सुविचाराच्या खाली, हातभर उंचीचे आकडे रंगवले. आठ चार आठ चार तीन शून्य दोन. आणि जे भिंतीवर ते रोज म्हणायचंच. मुलं प्रतिज्ञेनंतर पासवर्ड म्हणू लागली, पाढ्याच्या चालीवर. रस्त्याने जाणारे गुराखीही म्हणू लागले.

गुरुजी आनंदाने टेकडी चढले. शुक्रवार दोन दिवसांवर आला होता.

"ताई, झालं. पासवर्ड भिंतीवर रंगवला. लांबून दिसतो."

"अरे देवा," ताई म्हणाल्या. "गुरुजी, तो कुणालाही दाखवायचा नसतो. झाकून टाका आधी. आणि कुणीही मागितला तरी सांगायचा नाही. साहेबांनी मागितला तरी नाही, मी मागितला तरी नाही."

"आलं ध्यानात."

गुरुजींनी भिंतीला चुन्याचे तीन हात दिले. आकडे गेले, सुविचारही गेला. मुलांना पासवर्ड म्हणायला बंदी केली. आणि पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही, त्यात आपणही आलोच, म्हणून गुरुजींनी तो मन लावून विसरून टाकला.

शुक्रवारी शेवाळेसाहेब टेम्पो घेऊन आले. कॉम्प्युटर चालू केला, खुर्ची ओढून बसले.

"हं. पासवर्ड काय आहे?"

"सांगायचा नाही, साहेब."

"अहो, मी केंद्रप्रमुख आहे."

"तुमचं तर ताईंनी नाव घेऊन सांगितलंय. साहेबांनाही नाही."

"बरं, मी तोंड फिरवतो. तुम्हीच घाला."

गुरुजी बटणांपर्यंत गेले आणि परत आले. मग म्हणाले, "मला येत नाही. मी विसरून टाकलाय. तो चुन्याखाली आहे."

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. भिंत पांढरीशुभ्र होती. साहेबांनी डोक्याला हात लावला आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "चला. वायरी काढा."

टेम्पोवाला वाकला. गुरुजी चुन्याच्या भिंतीकडे बघत उभे होते. त्यांना पहिल्यांदाच वाटलं की आपण काहीतरी कमी ऐकायला हवं होतं, पण कुठलं कमी ते कळेना.

मग मागून बारीक आवाज आला. चंद्रभागा होती. हात मागे बांधून, डोळे मिटून, पाढ्याच्या चालीवर.

"आठ चार, आठ चार..."

"तीन शून्य दोन," एकतीस मुलं म्हणाली. खिडकीबाहेरून एक गुराखीही म्हणाला.

साहेबांनी सात बटणं दाबली. पोपट आला. पंख झटकून म्हणाला, "या रे पोरांनो, बसा." अक्षरं आली, खरीखुरी. मुलं एकेक करून पुढे आली. चंद्रभागेने पाच बोरांतून दोन वजा केली, पोपटाने टाळ्या पिटल्या. साहेबांनाही राहवलं नाही. त्यांनी सतरा बोरांतून नऊ वजा केली आणि सात लिहिलं.

"पुन्हा बघ बाळा," पोपट म्हणाला.

साहेब हसले. आता आम्ही साहेबांना कधी हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे झुंबरबाई सुद्धा पळी सोडून आत आली.

"गुरुजी, फार छान," साहेब म्हणाले. "कॉम्प्युटर कुठेही जात नाही. हे असंच राहू द्या. यातलं काहीही हलता कामा नये."

"आलं ध्यानात," गुरुजी म्हणाले. बाहेर गेले आणि त्यांनी दाराला कडी घातली.

"अहो, कडी काय घालताय? मला निघायचंय."

"नाही साहेब," गुरुजी खिडकीतून म्हणाले. "काहीही हलता कामा नये. तुम्ही खुर्चीत होता."

साहेब खूप बोलले. झुंबरबाईने त्यांच्यापुढे खिचडीची ताटली ठेवली. "खाऊन घ्या साहेब. अकरा वर्षं झाली मला इथं. ते टेकडीवर जाऊन आल्याबिगर आता काही व्हायचं न्हाई."

गुरुजी टेकडी चढले.

"ताई, काम झालं. साहेब खुर्चीत आहेत. हलवू का?"

ताईंनी सगळं विचारून घेतलं. मग बराच वेळ फोनमधून नुसता हसण्याचा आवाज आला, एकीचा नाही, पाचसहा जणांचा; आज काय होतं ते ऐकायला सगळी मंडळी सुट्टी काढून जमली होती. शेवटी ताई म्हणाल्या, "गुरुजी, झालं ना काम? मग आता साहेबांना घरी सोडा."

गुरुजी सव्वा तासाने परतले तेव्हा साहेब वजाबाकीच्या चौथ्या पायरीवर होते आणि उठायला तयार नव्हते. पण ताईंनी सांगितलं होतं. गुरुजींनी त्यांना दंडाला धरून टेम्पोत बसवलं. टेम्पो कॉम्प्युटर न्यायला आला होता, साहेबांना घेऊन गेला.

महिनाभराने एसटीच्या कंडक्टरबरोबर एक पाकीट आलं. त्यात नवीन पेनड्राइव्ह, एक कागद आणि केतकीताईंची चिठ्ठी. गुरुजी जिथे जिथे अडले होते ती ती जागा ताईंनी वहीत लिहून ठेवली होती आणि एकेक करून धड्यातून काढून टाकली होती. अटी गेल्या. फॉन्ट आतच बसवला. वीज गेली तर पट्टी होती तिथून पुढे जायची. पासवर्ड गेला. चिठ्ठीत लिहिलं होतं, "गुरुजी, आता हे बाकीच्या अकरा शाळांना पाठवायचं आहे. त्याआधी तुम्ही लावून बघा. तुमच्याकडे लागलं तर कुठेही लागेल."

चौदा ओळींच्या तीनच राहिल्या होत्या. त्यातली तिसरी ताईंच्या मंडळींनी गमतीने, खास गुरुजींच्या कागदावर, हाताने लिहिली होती.

शनिवार होता, सकाळची शाळा. गुरुजींनी चष्मा लावला. पहिली ओळ, पेनड्राइव्ह लावा. लावला. दुसरी ओळ, हिरवं बटण दाबा. दाबलं. पोपट आला आणि म्हणाला, "या रे पोरांनो."

झुंबरबाई बघतच राहिली. "झालं की वो गुरुजी. एका दमात. टेकडीबी न्हाई, शेळीबी न्हाई."

"एक ओळ राहिलीय," गुरुजी म्हणाले. त्यांनी ती वाचली. वर्गात सगळीकडे पाहिलं. पडवीत पाहिलं. मग टोपी घातली, छत्री घेतली आणि मुलांना पोपटापाशी सोडून निघाले. सात किलोमीटर चालले. भर बारा वाजता शेवाळेसाहेबांच्या दारात उभे राहिले.

साहेबांच्या बायकोने दार उघडलं. "कोण, गुरुजी? साहेब जेवायला बसलेत. काय काम होतं?"

गुरुजींनी कागद पुढे केला. "तिसरी ओळ आहे. काम झाल्यावर साहेबांना घरी सोडा."

"अहो, पण ते घरीच आहेत."

गुरुजींनी ओळ पुन्हा एकदा वाचली. थोडा विचार केला.

"असं करा," ते म्हणाले, "त्यांचं जेवण होऊ द्या. मी बसतो. आधी त्यांना शाळेत न्यावं लागेल."